चुना, निकोटीन आणि बारावीचं टेन्शन

"पोरगं हुशार आहे हो, बारावीचं टेन्शन आलंय म्हणून जरा खातं." कोरेगाव असो वा कराड, पालकसभा उठली की दाराशी हे वाक्य कानावर पडतंच. तंबाखूने डोकं शांत होतं, हा समज आपल्याकडे चांगलाच मुरलेला आहे.

शाळेच्या भिंतीमागे बार मळणाऱ्या मुलाचा तळहात बघा. चिमूटभर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्याने मळणं, थापटून धूळ उडवणं. यातला चुना चवीपुरता नसतो. पानातलं निकोटीन बहुतांशी क्षाररूपात असतं, म्हणजे त्याच्या रेणूवर एक प्रोटॉन चिकटलेला असतो. असा विद्युतभारित रेणू तोंडाच्या स्निग्ध अस्तरातून सहज पार होत नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो हा प्रोटॉन काढून घेतो. पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७ असताना जेमतेम दहावा हिस्सा निकोटीन मोकळं असतं, ८ च्या आसपास निम्मं आणि ९ ला नऊ दशांश. पीएचची मोजपट्टी लॉगरिथमची, म्हणजे दर अंकाला दहापट बदलणारी, असल्यामुळे एका अंकाने एवढी उडी पडते. मोकळं झालेलं निकोटीन गालातून थेट रक्तात उतरतं, यकृताची चाळणी चुकवून मेंदू गाठतं.

तिथे ते अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागांवर, बसतं, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन स्रवतं, बरं वाटतं. रोजच्या माऱ्याने ग्राहींची संख्याच वाढते, आणि निकोटीन ओसरलं की हे वाढीव ग्राही रिकामे राहतात. रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे साडेदहाला बार भरून वर्गात बसलेला मुलगा मधल्या सुट्टीच्या आत चिडचिडा होतो, गणितात लक्ष लागत नाही. गुरुजींना तो उर्मट वाटतो, आईला अभ्यासाने दमलेला. सुट्टीत दुसरा बार भरला की तो शांत होतो आणि श्रेय तंबाखूला जातं. तंबाखूनेच काढलेली कळ तंबाखूने थांबवली, इतकंच!

अर्थात काहींना मुळात खरीच भीती, उदासी किंवा घरातला जाच असतो. म्हणून समुपदेशकाने झोप, घर आणि तंबाखू या तिन्हींबद्दल एकाच बैठकीत विचारावं. नुसती कर्करोगाची चित्रं दाखवून किंवा दाखला हातात देऊन मुलगा टपरीच्या आणखी जवळ जातो. (शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने बंद आहे, हे आपलं सांगायचं म्हणून.) आणि 'न कळत जेवणात कालवा, व्यसन सोडवा' छाप पुड्या, अंगारे? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, त्या जिल्ह्यात तरी यांना गिऱ्हाईक मिळू नये.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, मग २ ते ४ आठवड्यांत तलफ ओसरत जाते. तेव्हा सोडायचा दिवस सहामाहीच्या तोंडावर धरू नये, आणि त्या आठवड्यात मुलगा पाणी प्यायला दोनदा उठला तर वर्गशिक्षकांनी उठू द्यावं. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतूनही बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक तर पुडीवरच छापलेला असतो.