सोळा चौकोन आणि पंचवीस मिलिसेकंद

बीट तयार करण्याचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडले की नवशिक्याचे लक्ष आधी तयार आवाजांच्या लांबलचक यादीकडे जाते आणि मनाजोगती किक (ड्रमचा खोल, जाड ठोका) शोधण्यातच सगळी संध्याकाळ सरते. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. एलएमएमएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किंवा एफएल स्टुडिओमध्ये प्रत्येक वाद्यासमोर सोळा चौकोनांची जी ओळ दिसते, ती म्हणजे काळाची मोजपट्टी आहे आणि ती आधी समजून घ्यावी. रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवरही अशीच सोळा बटणे होती.

वेग १२० बीपीएम ठेवला, तर मिनिटाला १२० ठोके पडतात, म्हणजे एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा होतो. त्याचे चार भाग केले की एक चौकोन १२५ मिलिसेकंदांचा आणि पूर्ण ओळ बरोबर दोन सेकंदांची. सोळा म्हटल्यावर तीनताल आठवणे स्वाभाविक आहे, पण येथे चौकोन म्हणजे मात्रा नव्हे. ठोक्यालाच मात्रा मानले, तर ओळीत चारच मात्रा बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रांसाठी ती चोवीस चौकोनांची करावी लागते.

आता १, ५, ९ आणि १३ या चौकोनांवर किक, ५ आणि १३ वर तिच्या जोडीला स्नेअर (ड्रमची कडक थाप) आणि सोळाही चौकोनांवर हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज) ठेवून पाहावे. ठेका बिनचूक वाजतो, आणि शिलाई मशीनसारखा कोरडाही. रॉजर लिन यांच्या एलएम-१ या ड्रम मशीनने १९८०च्या सुमारास यावर आणलेला उपाय म्हणजे स्विंग. दोन चौकोनांची जोडी २५० मिलिसेकंदांची असते. तिच्यातल्या दुसऱ्या चौकोनाचा आवाज निम्म्यावर, म्हणजे १२५ वर न वाजवता ६० टक्क्यांवर, म्हणजे १५० वर वाजवला की अवघ्या पंचवीस मिलिसेकंदांच्या उशिराने ठेका डोलू लागतो. हा उशीर प्रत्येक जोडीत सारखाच येत असल्याने कानाला तो चूक वाटत नाही. मुरलेला ढोलकीवाला हे न मोजता करतो. सॉफ्टवेअरमध्ये स्विंगची सोय नसेल, तर पियानो रोलमध्ये (प्रत्येक आवाजाची नेमकी वेळ दाखवणाऱ्या जाळीत) सम क्रमांकाच्या चौकोनांतले आवाज हाताने किंचित उशिराकडे सरकवावेत.

चौकोन माऊसने भरताना जाणवत नाही, पण कळा दाबून ठेका वाजवायला घेतला की संगणकाचा स्वतःचा उशीर आडवा येतो. संगणक आवाज नमुन्यांच्या, म्हणजे क्षणोक्षणीच्या मापांच्या रूपात हाताळतो आणि ते आधी बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात जमवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २,०४८ नमुन्यांचा बफर भरायला सुमारे ४६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्विंगच्या जवळजवळ दुप्पट. बफर २५६ वर आणला की हा उशीर सहावर येतो. मात्र आवाजात कडकड होऊ लागली, तर एक पायरी वर जावे. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर अनेकदा शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो आणि तो बफर कमी करून हटत नाही, म्हणून या कामासाठी वायरचेच हेडफोन वापरावेत.