पिझोरेझिस्टिव्ह आणि पिझोइलेक्ट्रिक नॅनोफायबर: वाहकता कुठे हवी, कुठे नको

अंगावर लावायच्या लवचीक सेन्सरांचा विषय निघाला की ‘कंडक्टिव्ह नॅनोफायबर’ (वीज वाहणारे अतिसूक्ष्म तंतू) या एका नावाखाली तंतूंच्या दोन अगदी वेगळ्या जाळ्या ढकलल्या जातात. दोन्ही इलेक्ट्रोस्पिनिंगनेच, म्हणजे उच्च व्होल्टेजने पॉलिमरच्या द्रावणातून तंतू ओढून, काढतात: साधारण १० ते २० किलोव्होल्ट, सुई आणि कलेक्टरमध्ये १० ते २० सेंटिमीटर. साम्य इथेच संपतं.

पिझोरेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने रोध बदलणारी, जाळी बहुतेकांना माहीत असते. टीपीयूच्या (लवचीक पॉलियुरेथेन प्लास्टिक) तंतूंवर कार्बन नॅनोट्यूब, पॉलिपायरोल (वाहक पॉलिमर) किंवा चांदीच्या नॅनोतारा चढवायच्या. दाबलं की तंतू जास्त ठिकाणी एकमेकांना टेकतात आणि रोध उतरतो. व्होल्टेज डिव्हायडर (ओळीने जोडलेले दोन रोध) लावला की रीडिंग मिळतं. रोध ४० वरून १० किलोओहमवर येत असेल, तर जोडीचा रेझिस्टर २० किलोओहमचा घ्या. पहिल्या काही दाबांत बेसलाइन (दाब नसतानाचं रीडिंग) सरकते, म्हणून कॅलिब्रेशनआधी जाळी भरपूर वेळा दाबून-सोडून घ्या.

गोंधळ होतो तो पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या जाळीवरून. ती पिझोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे दाब बदलला की स्वतः वीजभार तयार करते. हा भार टिकवायचा तर जाळी इन्सुलेटरच असायला हवी. वाहक फक्त वरचा आणि खालचा इलेक्ट्रोड. पहिल्या प्रकारात जी वाहकता मुद्दाम घालतो, तीच इथे सिग्नल खाऊन टाकते.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर सेन्सरवर ५० ग्रॅमचं वजन ठेवा आणि एक मिनिट हात लावू नका. पिझोरेझिस्टिव्हचा रोध खाली येतो आणि किंचित सरकत का होईना, खालीच राहतो. पिझोइलेक्ट्रिक एक टोक दाखवून शून्यावर परततं आणि वजन उचललं की उलट्या दिशेचं टोक येतं. ते ‘सिग्नल विसरलं’ असं नाही. भार मोजणीच्या सर्किटमधून निचरून गेला. स्थिर दाब त्याच्याकडून मागणंच चूक.

निचरा किती वेगाने होतो, हे रोध आणि कपॅसिटन्सच्या गुणाकारावर ठरतं. १०० पिकोफॅरडचा सेन्सर थेट ऑसिलोस्कोपच्या १० मेगाओहम प्रोबला जोडला, तर टाइम कॉन्स्टंट (निचऱ्याला लागणाऱ्या वेळेचं माप) १ मिलिसेकंद. सुमारे १६० हर्ट्‌झच्या खालचं सगळं दबलं, आणि नाडी तर १ हर्ट्‌झच्या आसपास! मग सेन्सर ‘कमजोर’ ठरतो आणि उपाय म्हणून पीव्हीडीएफमध्ये आणखी नॅनोट्यूब ओतल्या जातात. थोड्या प्रमाणात त्या बीटा फेज (पीव्हीडीएफची पिझोइलेक्ट्रिक स्फटिकरचना) वाढवायला मदत करू शकतात, हे खरं. पण तंतूंमधून सलग वाहक वाट तयार झाली की भार आतल्या आतच जिरतो. पीव्हीडीएफची सापेक्ष परमिटिव्हिटी (निर्वाताच्या तुलनेत भार साठवण्याची क्षमता) सुमारे १० धरली, तर भार निदान सेकंदभर टिकायला विशिष्ट रोध १०^१० ओहम-मीटरच्या घरात लागतो. जाळीची जाडी किंवा क्षेत्रफळ बदलून यातून सुटका नाही.

खरा उपाय चार्ज अँप्लिफायर, म्हणजे भाराचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं सर्किट. फीडबॅकला १०० पिकोफॅरड आणि १० गिगाओहम लावले की टाइम कॉन्स्टंट १ सेकंद, कटऑफ (ज्याखालचा सिग्नल दबतो ती वारंवारता) ०.१६ हर्ट्‌झ. ऑपअँपचा (यातली अँप्लिफायर चिप) बायस करंट, म्हणजे तिच्या इनपुटमधून वाहणारा करंट, पिकोअँपिअरच्या आसपासच हवा. १०० पिकोअँपिअर असला तर त्या १० गिगाओहमवर १ व्होल्टचा ऑफसेट बसतो. बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्सही इथे गळतीची वाट होतो, तो नीट पुसा.

मल्टिमीटरवर पीव्हीडीएफ जाळी ‘ओपन’ दिसली म्हणून ती फेकू नका, तशीच दिसायला हवी. किलोओहम दिसले तर काळजी करा. जाळी सच्छिद्र असते; सिल्व्हर पेंट छिद्रांतून झिरपून दोन्ही इलेक्ट्रोड शॉर्ट करतो. त्याऐवजी कॉपर फॉइल वापरा, कडेला दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा. थेट सोल्डर करू नका; ८० अंश सेल्सिअसच्या वर पीव्हीडीएफचा गुण उतरू लागतो.

बोटाने टिचकी मारून ‘वीस व्होल्ट मिळाले’ असे दावे फार खटकतात. पीव्हीडीएफचा डी-३३ (दर न्यूटन दाबाला किती भार) साधारण २० ते ३० पिकोकुलंब प्रति न्यूटन. ५ न्यूटनच्या थेट दाबाला १०० पिकोफॅरडवर १ ते दीड व्होल्ट व्हावा. बाकीचं बहुधा घर्षणाने आलेलं स्थिर विद्युत. त्याच मापाची साध्या टीपीयूची जाळी तशीच बसवून टिचकी मारा. तीही व्होल्ट देत असेल, तर ते आकडे पिझोइलेक्ट्रिक म्हणून छापू नका. ‘सेल्फ-पॉवर्ड’ हा शब्दही जपून वापरा. अँप्लिफायर, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) आणि ब्लूटूथ बॅटरीवरच चालतात.

नाडीच्या लाटेचा आकार आणि हृदयाचे आवाज यांसाठी पीव्हीडीएफच घ्यावं. तळपायावरचा दाब, पट्टीचा ताण, वाकवून धरलेला गुडघा यांसाठी पिझोरेझिस्टिव्ह. श्वासासाठी दोन्ही सुचवले जातात, पण मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे ०.२ ते ०.३३ हर्ट्‌झ, चार्ज अँप्लिफायरच्या कटऑफला अगदी चिकटून. तिथे लाटेचा आकार बिघडतो, म्हणून छातीच्या पट्ट्यात पिझोरेझिस्टिव्हच बसवा आणि घामापासून वाचवायला वर पातळ सिलिकोनचा थर द्या.