गालातली टाकी आणि वर चढणारा शेंबूड

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंग उधळणारी मिरवणूक) बघायला गेलो होतो, घरी येऊन अंघोळ केली, नाक चांगलं शिंकरलं आणि अर्ध्या तासाने खाकरलो तर बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. नाक तर धुतलं होतं, मग गुलाल घशात आला कुठून? शेजारच्या काकांना हे कौतुकाने सांगायला गेलो तर ते म्हणाले "अपने को तो सायनस हो गया भिया". शेंबूड हिरवा झाला म्हणून त्यांनी तिसऱ्याच दिवशी मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून सुरूपण केलेलं.

तर आधी हे, की सायनस "होत" नाही, तो असतोच. गालात, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि पार मागे कवटीच्या तळाशी अशा हवेच्या पोकळ्यांच्या 4 जोड्या. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की सायनसायटिस, आणि नाकही बहुतेक सोबतच सुजतं.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते गालातल्या सायनसचं दार. ते तळाला नाही, वर आहे, छताजवळ! म्हणजे टाकीचा नळ कुणीतरी वरच्या कडेला लावून ठेवलाय. मग उभ्या माणसाचा शेंबूड बाहेर पडतो कसा? अस्तराच्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, सिलिया, ते सेकंदाला 10-15 वेळा लाटेसारखे हलतात. त्यांच्याभोवती पातळ पाण्याचा थर आणि त्याच्यावर चिकट थर, ज्यात धूळ, जंतू, गुलाल सगळं अडकतं, आणि केसांची टोकं हा चिकट थर ढकलत ढकलत मिनिटाला साधारण 5-6 मिलीमीटर अशा चालीने वर चढवतात, गुरुत्वाकर्षण गेलं उडत. दारातून तो नाकात येतो, तिथून घशाकडे, आणि आपण गिळून टाकतो. नाकातही असेच केस असतात, माझा गुलाल नाकापासून पुढे याच रस्त्याने गेला.

पूर्वी सर्जन खाली नवीन भोक पाडायचे, की आपोआप वाहून जाईल. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या डॉ. मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून पाहिलं तर शेंबूड नव्या भोकाला वळसा घालून जुन्या दाराकडेच निघालेला! सिलियांना दिशा एकच ठाऊक. म्हणून आताचं दुर्बिणीचं ऑपरेशन मूळचं दारच मोकळं करतं. हे दार जेमतेम 2-3 मिलीमीटरचं, सर्दीने सुजलं की बंद, मग सिलिया मंदावतात, माल साचतो आणि कधीकधी त्यात बॅक्टेरिया वाढतात.

कधीकधीच, कारण बहुतेक वेळा व्हायरसच असतो. आणि हिरवा रंग बॅक्टेरियाचा नाही हो, आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका लोहवाल्या एन्झाइमचा आहे. बॅक्टेरियाची शंका कधी घ्यायची, तर 10 दिवस झाले तरी जराही उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा बिघडलं, किंवा 102 ताप आणि पू सलग 3-4 दिवस. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डायबिटीस असेल आणि गाल बधिर किंवा नाकात काळी खपली, तर अजिबात थांबू नका, 2021 ची काळी बुरशी इंदूर विसरलेलं नाही.

लहान मुलांचं थोडं वेगळं. कपाळातला सायनस साधारण शाळेच्या वयातच तयार होऊ लागतो, त्यामुळे 3 वर्षांच्या पोराला "कपाळाचा सायनस" म्हणणाऱ्यांना हात जोडा. मुलं सहसा डोकं दुखतं असं सांगत नाहीत, दिवसासुद्धा खोकतात, नाक वाहत राहतं. आणि एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आधी आत चणा नाहीतर मणी शोधायला न्या.

उपाय साधेच. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, पण पाणी उकळून गार केलेलं, नळाचं डायरेक्ट नको. सूज किंवा अ‍ॅलर्जी बरेच दिवस असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं तोंड कानाकडे, मधल्या पडद्यावर नाही. नाक चटकन मोकळं करणारे थेंब 3-5 दिवसांच्या वर नकोत, नंतर त्यांनीच नाक चोंदतं. वाफेने बरं वाटतं एवढंच, आणि पोरांच्या अंगावर उकळतं पातेलं सांडतं ते वेगळं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं नाकात लिंबू पिळा वगैरे, अरे ज्या केसांनी सगळं काम करायचंय त्यांच्यावरच आम्ल ओतताय!

काका आठव्या दिवशी ठणठणीत, श्रेय सगळं गोळीला. गोळ्यांच्या पाकिटात 2 उरल्यात, त्या फ्रिजवर जपून ठेवल्यात, पुढच्या गेरसाठी.