जोता किती उंच घ्यायचा? सांगलीतल्या पूररेषेची पार्श्वभूमी

सांगलीत नदीच्या अंगाला जागा बघायला आलेला माणूस आधी दर विचारतो, मग समोरचा रस्ता किती फुटी आहे ते विचारतो. तिसरा प्रश्न ठरलेला असतो: "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" दाखवणारा भिंतीकडे बोट करतो. कुठे खिडकीच्या गजापर्यंत, कुठे पंख्याच्या पात्यापर्यंत. कर्नाळ रोडकडच्या एका घरात जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने ओढलेल्या तीन रेघा मी पाहिल्या आहेत. खालची २००५ ची, मधली २०२१ ची आणि सर्वांत वरची २०१९ ची. वरच्या रेघेपुढे घरातल्या पोराने मगरीचे चित्र काढले होते.

घराचा नकाशा मंजूर करणारे कार्यालय मात्र या रेघा बघत नाही. त्याच्याकडे नकाशावरच्या दोनच पूररेषा असतात, एक निळी आणि एक लाल. या दोन रेषा आल्या कुठून आणि घराच्या जोत्याशी, म्हणजे पायावरच्या ज्या ओट्यावर भिंती उभ्या राहतात त्याच्याशी, त्यांची गाठ कशी पडली, ते इथे मांडायचे आहे. सातबारा, बिनशेती, सामासिक अंतरे, पार्किंग हे सगळे ज्याने एकदा तरी परवान्याची फाइल फिरवली आहे त्याला तोंडपाठ असते. तो पाढा इथे नको.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. गावभागातले, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतले, वाडे कुठल्या नियमावलीने बांधलेले नाहीत. तरी रस्त्यावरून पाच-सहा पायऱ्या चढून ओट्यावर जायचे, धान्य आणि दप्तर माळ्यावर ठेवायचे, खालचा जोता घडीव दगडाचा आणि वरची भिंत मातीची किंवा विटांची, ही रीत पाण्यानेच शिकवलेली होती. लेखी कायदे नंतर आले. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा, त्याची नवी आवृत्ती १९५४ ची आणि आज ज्याच्या आधारे विकास आराखडे होतात तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. तो ११ जानेवारी १९६७ पासून लागू झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तोवर दख्खनचे पठार म्हणजे हलणार नाही अशी जमीन, असा तज्ज्ञांचाही समज होता. १९७० मध्ये भूकंपविषयक मानक, म्हणजे आयएस १८९३, सुधारले गेले आणि नकाशावर कोयना परिसर एकदम वरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, पट्ट्यात गेला. राष्ट्रीय इमारत संहिताही १९७० चीच. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये ती सुधारली गेली. संहिता ही शिफारस असते, राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपल्या नियमावलीत घेतली की तिला हुकुमाचे बळ येते. हा फरक आपल्याकडे अनेक बांधकाम व्यावसायिकही विसरतात आणि 'कोडमध्ये नाही' आणि 'नियमात नाही' ही दोन वाक्ये एकाच अर्थाने वापरतात.

सातारकरांनी भूकंप धरून ठेवला, सांगलीकरांनी पूर. नियमांचा पुढचा सगळा इतिहास सांगलीत पुराभोवतीच फिरतो.

निळ्या-लाल रेषेचे मूळ राज्याच्या पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकात आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पसरते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर जाते ती लाल. काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आणि निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. कागदावर इतके सोपे.

गोंधळ आहे तो 'वर्षांतून एकदा' या शब्दांत. २००५ चा पूर ओसरल्यावर मी स्वतः चहाच्या टपरीवर ऐकलेले वाक्य आहे, "झालं, आता शंभर वर्षं बघायला नको." हे बोलणारा अडाणी नव्हता, तो ठेकेदार होता. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी येणारा पूर नव्हे. दर पावसाळ्यात तो येण्याची शक्यता १ टक्का आणि पंचवीस वर्षांचा म्हणतात तो येण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. हाच हिशेब घराच्या आयुष्याला लावून बघावा. २० वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता जवळपास ५६ टक्के निघते. लाल रेषेवरच्या घरात ती १८ टक्के आणि घर ५० वर्षे उभे राहिले तर साधारण ४० टक्के. लाल रेषेच्या आत आहोत की बाहेर एवढेच विचारून निर्धास्त होणारे बरेच आहेत. रेषेबाहेर दहा फुटांवर पाणी थांबते असे कोणी लिहून दिलेले नाही.

दुसरा गोंधळ मोजमापाचा. सांगलीकर पूर फुटांत मोजतो, तोही आयर्विन पुलापाशी. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्याही वर. हे आकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण हे फूट पुलाजवळच्या पट्टीच्या शून्यापासून मोजलेले, तुमच्या अंगणापासून नव्हे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत पाणी शिरते ते इशारा पातळी गाठण्याच्याही आधी. आर्किटेक्टला लागते ती समुद्रसपाटीपासूनची उंची, मीटरमध्ये, ज्याला साइटवर सगळे 'आरएल' म्हणतात. शिवाय नदी उतरत जाते, त्यामुळे एकाच दिवशी एकाच पुराची पातळी शहराच्या वरच्या टोकाला वेगळी आणि खालच्या टोकाला वेगळी. नकाशावरची लाल रेषा तुमचा प्लॉट आत की बाहेर एवढे सांगते. तिथे पाणी किती चढेल, म्हणजे जोता नेमका किती उंच घ्यायचा, हे त्या रेषेतून थेट वाचता येत नाही. त्यासाठी नदीच्या त्या छेदाची पातळी पाटबंधारेकडून घ्यावी लागते आणि जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची नोंदवून पुरलेल्या दगडापासून, लेव्हल प्लॉटपर्यंत आणावी लागते. बेंचमार्कचा दगड रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेला असला की माणूस ऑटोलेव्हल आणि स्टाफ (पातळी बघायची दुर्बीण आणि उभी मोजपट्टी) घेऊन अर्धा दिवस उन्हात फिरतो. माझ्याच एका कामात दोन दाखल्यांवरच्या पातळ्यांत सव्वा फुटाचा फरक निघाला होता. कुठली धरायची, ते कोणीच लिहून दिले नाही. आम्ही वरची धरली.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. शहर तेव्हाच पसरू लागले होते, आणि ते पसरले गुंठ्यागुंठ्याने. शेतजमिनीचे तुकडे पाडून, लेआउट मंजूर न करता विकलेले प्लॉट म्हणजे गुंठेवारी. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेवढ्यात दोन खोल्या आणि एक नारळ बसतो. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या प्लॉटना मिळाली. यातला बराच पसारा शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात आहे. तिथे पावसाळ्यात नदी लांब असतानाही पाणी तुंबते. प्रत्येकाने आपल्या प्लॉटमध्ये मुरुमाचा भराव टाकून जागा उंच केली आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात गेले. शेजाऱ्याने मग त्याहून उंच भराव टाकला. काही गल्ल्यांत जुने घर खड्ड्यात बसल्यासारखे दिसते ते यामुळे. कागद नियमित झाला तरी जमिनीची उंची काही बदलली नाही.

या सगळ्यावर २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडून सगळीकडे एकच. तोपर्यंत गावागणिक नियम वेगळे होते, त्यामुळे स्वागत जोरात झाले, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) वाढल्याचे तर जास्तच. पूररेषेचे कलम त्यात थोडक्यात आहे, पण सांगलीपुरते तेच सर्वांत वादाचे.

ते काय म्हणते? काठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवे बांधकाम नाही. बाग, वाहनतळ, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी असे वापर चालतील. मात्र तिथे आधीपासून असलेल्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास करता येईल, जोता लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून आणि पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला घेऊन. निळी ते लाल या पट्ट्यात नवे बांधकामही चालेल, उंचीची अट तीच, लाल पातळीच्या वर ०.४५ मीटर. आणि प्लॉटचा काही भाग रेषेच्या आत गेला असेल तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या भागावर वापरता येईल.

म्हणजे बंदीपेक्षा उंचीवर भर. एका महापुराला सोळा महिने झाले होते आणि दुसरा, २०२१ च्या जुलैचा, आठ महिन्यांवर होता. टीका करणारे म्हणतात की निषिद्ध पट्ट्यात पुनर्विकासाचे दार उघडले, घर पाण्याच्या वर राहील पण त्याखालची जागा, जिना, भिंती, कंपाउंड पाण्याची वाट अडवणारच. बाजू घेणारे म्हणतात की गावभागातल्या पडक्या वाड्याच्या मालकाला दुरुस्तीही नाकारायची आणि पर्यायी जागाही द्यायची नाही, हे किती वर्षे चालणार? मला दुसऱ्या बाजूचे जास्त पटते, हे लपवत नाही. गावभाग हा शहराचा सर्वांत जुना भाग, रेषा त्याच्यावर नंतर आली. पण 'अधिकृत' हा शब्द ज्यांनी कलमात घातला त्यांनी सांगलीत एक चक्कर मारायला हवी होती. पंचावन्न-साठ सालच्या घराचा मंजूर नकाशा ज्याच्या ट्रंकेत होता, ती ट्रंकच २००५ ला पाण्यात गेली. कागद पुराने नेला म्हणून पुरातून सुटायची परवानगी अडते, अशी प्रकरणे इथे आहेत.

त्यातच रेषाच बदलावी का, हा वाद. पूररेषा हाताशी असतील तेवढ्या वर्षांच्या आकड्यांवर काढतात. त्या आकड्यांत २०१९ धरला की शंभर वर्षांच्या पुराची पातळी वर सरकते, शहराचा आणखी भाग आत येतो, बँका कर्जाला खळखळ करतात, दर पडतात. म्हणून एक गट म्हणतो की २०१९ चे पाणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामागे तुंबलेल्या फुगवट्याचे आणि वरच्या धरणांच्या विसर्गाचे, ते नैसर्गिक पुरात धरू नका. दुसरा म्हणतो की पाणी कोणी सोडले ते भिंतीला कळत नाही. जोत्याची उंची ठरवणाऱ्याला या दुसऱ्या गटाचे ऐकावे लागते.

उंचीच्या अटीचा परिणाम रस्त्यावर दिसतो. दहा-बारा फूट भराव कोणालाच परवडत नाही, म्हणून घर कॉलमवर उचलायचे आणि खाली पार्किंग ठेवायचे. आता रो-हाउसही तसेच होते. पाणी येते, खालून निघून जाते, चिखल उपसला की झाले. इथे मात्र भूकंपाचे मानक आडवे येते. खाली नुसते कॉलम आणि वर विटांच्या भिंतींचा भार, अशा इमारती भूकंपात खालच्या मजल्यावर मोडतात, हे २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादेत दिसले. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि तुळया नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट बलांसाठी डिझाइन करायला सांगितले होते. नाहीतर कातरभिंती, म्हणजे आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या सलग भिंती, द्या. २०१६ च्या आवृत्तीतही मोकळ्या तळमजल्यासाठी खास अटी आहेत. त्या आवृत्तीच्या नकाशात सांगली भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात येते आणि कोयना काही फार लांब नाही. पुराचा नियम घराला पाय उंच करायला सांगतो, भूकंपाचे मानक विचारते की पाय तेवढे जाड आहेत का. दोन्ही एकाच नकाशावर सांभाळायचे म्हणजे स्टील वाढते, आणि मालक पहिली कात्री तिथेच लावतो. कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या स्टीलच्या रिंगा चार इंचांऐवजी आठ इंचांवर बांधलेल्या मी मोजल्या आहेत. गवंड्याला विचारले तर म्हणाला, "साहेब, पाणी रिंगा मोजत नाही."

रेघा ओढलेल्या त्या कर्नाळ रोडच्या घराचे काम गेल्या उन्हाळ्यात निघाले. नवा जोता लाल पातळीच्या वर दीड फूट काढला, तर तो २०१९ च्या रेघेच्या चार बोटे खाली आला. मालकाने आणखी एक फूट वाढवायला सांगितले. नियमात त्याची गरज नव्हती. विजेच्या मीटरची पेटी त्याने जिन्याच्या पहिल्या वळणावर घ्यायला लावली आणि जुन्या भिंतीतला मगरीच्या चित्राचा तुकडा फोडताना बाजूला काढून ठेवला आहे.