रेषेवरचे निरीक्षक: गोव्यात न आलेले, श्रीलंकेतून गेलेले

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला: लढाई थांबवा, भारतानं सैन्य मागं घ्यावं. बाजूनं ७ मतं पडली, विरोधात ४. सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारानं ठराव पडला, तेवढं आपल्या लक्षात राहतं. विरोधातल्या उरलेल्या तीन मतांत एक सिलोनचं होतं, हे मात्र गोव्यातही फारसं कुणी सांगत नाही. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. पुढं चाळीस वर्षांनी याच देशाला आपल्या घरात परके निरीक्षक आणून बसवावे लागले.

निरीक्षक गोव्यातही यायचे होते. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेल्यावर पोर्तुगालनं तिसऱ्या देशांचे निरीक्षक नेमायची सूचना केली. भारतानं ती तत्त्वतः मान्य केली, पण निरीक्षक काही आले नाहीत. १९६१ च्या डिसेंबरात सरहद्दीवर भारतीय सैन्य जमू लागलं तेव्हा पोर्तुगालनं पुन्हा तेच पुढं केलं: आंतरराष्ट्रीय निरीक्षक पाठवा, कोण कुरापत काढतं ते बघू द्या.

ऐकायला यात वावगं काहीच नाही. पण १९५१ मध्येच पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं घटना बदलून गोव्याला वसाहतीऐवजी ‘सागरापलीकडचा प्रांत’ करून टाकलं होतं. पेडण्याहून बांद्याकडे जाताना पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक लागतं. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथं नि:शस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्या ही सरहद्द आम्ही मानतच नाही म्हणून. त्याच जागी तिसऱ्या देशाचा माणूस नोंदवही घेऊन उभा राहिला असता, तर अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा, हे आपसूकच कबूल झालं असतं. पाखल्यांना, म्हणजे पोर्तुगिजांना, नेमकं तेच हवं होतं.

भारताला या खेळाचा अनुभव आधीच होता. १ जानेवारी १९४९ ला काश्मीरमध्ये युद्धबंदी झाली आणि त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक तिथं पोचले. जुलैमध्ये कराचीत युद्धबंदी रेषा कागदावर आखली गेली. १९७२ च्या सिमला करारानंतर भारतानं भूमिका घेतली की आता प्रश्न दोघांतला आहे, निरीक्षकांचं काम संपलं. पाकिस्तान आजही त्यांच्याकडे तक्रारी नेतो, भारत १९७२ पासून नेत नाही. जैसे थे ज्याला परवडतं किंवा ज्याला वाद चव्हाट्यावर ठेवायचा असतो, त्याला निरीक्षक हवे असतात. बाकीच्यांना ती ब्याद वाटते.

फुटून निघण्याच्या लढ्यात हे जास्तच अवघड होतं. (गोव्याचा लढा त्यातला नव्हे, इथले लोक भारतात यायला लढत होते.) सरकारनं रेषा मानली की बंडखोरांचा मुलूखही निम्मा मानल्यासारखाच. तरीही २२ फेब्रुवारी २००२ ला श्रीलंकेत शस्त्रसंधीचा करार झाला, कारण सरकार आणि स्वतंत्र तमिळ देशासाठी लढणारे ‘लिट्टे’चे वाघ, दोघेही थकले होते. आदल्याच जुलैत वाघांनी कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर हल्ला करून विमानं जाळली होती. नॉर्वे मध्यस्थ होता, पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे आणि वाघांचे नेते प्रभाकरन यांच्या सह्या झाल्या. देखरेखीला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क आणि आइसलँडची माणसं आली. भारताचं शांतिसैन्य १९८७ मध्ये तिथं गेलं ते बंदुका घेऊन, आणि अकराशेहून जास्त जवान गमावून परतलं. या पाहुण्यांच्या हाती शस्त्रच नव्हतं. तक्रार घ्यायची, चौकशी करायची, करार मोडला की नाही ते सांगायचं. वाघांच्या नावावर साडेतीन हजारांवर करारभंग नोंदले गेले, सरकारच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास. वाघांच्या खात्यात मोठा वाटा लहान मुलांच्या भरतीचा होता. नोंद झाली, पण ती करणाऱ्याला कुणाचा हात धरता येत नव्हता.

२००६ च्या जुलैत वाघांनी त्रिंकोमलीजवळच्या माविल आरूच्या कालव्याचं दार बंद केलं आणि खालच्या हजारो शेतकरी कुटुंबांचं पाणी तुटलं. पावसाळ्यात चार दिवस नळाला पाणी आलं नाही तर आपल्याकडे रस्ता अडतो. तिथं लष्कर निघालं. ६ ऑगस्टला निरीक्षकांचे प्रमुख, स्वीडनचे उल्फ हेन्रिक्सन, वाघांना राजी करून दार उघडायला स्वतः निघाले, आणि तेवढ्यात लष्कराचे तोफगोळे जवळ येऊन पडू लागले. सरकारला पाण्यात रस नाही, असं ते नंतर उघडच बोलले. त्याच आठवड्यात मुत्तूरला एका फ्रेंच मदतसंस्थेचे १७ स्थानिक कर्मचारी मारले गेले. निरीक्षकांनी सुरक्षा दलांना जबाबदार धरलं, सरकारनं ते झटकून टाकलं.

वाघही मागं नव्हते. मे २००६ मध्ये युरोपीय संघानं त्यांना दहशतवाद्यांच्या यादीत घातलं. त्यावर त्यांनी संघातल्या देशांची माणसं चालणार नाहीत म्हणून बजावलं. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क गेले. अख्ख्या उत्तर-पूर्वेसाठी नॉर्वे आणि आइसलँडची मूठभर माणसं उरली.

इंडोनेशियाच्या आचे प्रांतात हेच काम दीड वर्षाच्या आत निभावलं. हेलसिंकीचा करार १५ ऑगस्ट २००५ चा. बंडखोरांनी ८४० शस्त्रं जमा केली, ती निरीक्षकांसमोर निकामी केली गेली, आणि डिसेंबर २००६ मध्ये निरीक्षक घरी गेले. पण आचेच्या बंडखोरांनी आधीच स्वतंत्र देशाची मागणी सोडली होती. राखायला रेषाच नव्हती.

श्रीलंका सरकारनं जानेवारी २००८ मध्ये करार मोडीत काढला, १६ तारखेला निरीक्षकांचं काम संपलं. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांनाही वन्नीतून, म्हणजे वाघांच्या ताब्यातल्या उत्तरेकडच्या मुलुखातून, बाहेर पडायला सांगितलं गेलं. मे २००९ मध्ये ईशान्य किनाऱ्यावर युद्ध संपलं. शेवटच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये म्हटलं. सरकारनं तो आकडा फेटाळला. त्या किनाऱ्यावर मोजायला बाहेरचं कुणीच उरलेलं नव्हतं.