महानगरालगतच्या लांब पल्ल्याच्या पायवाटा

मोठ्या शहराच्या आतून किंवा वेशीपासून निघून डोंगर, जंगल, नदीकाठ आणि उपनगरे यांतून जाणाऱ्या, खुणांनी आखलेल्या आणि पूर्ण चालायला सहसा एकाहून अधिक दिवस लागणाऱ्या वाटा. लांबी ५० किलोमीटरपासून हजाराच्या पुढेही असते. पण त्यांचा खरा विशेष लांबीत नसून जवळच्या रेल्वे स्थानकात आहे. दुर्गम भागातल्या लांब वाटेला लागले की पाठीवर शिधा आणि तंबू घेऊन पुढचे गाव गाठावेच लागते. शहरालगतची वाट मात्र सुट्टीमागून सुट्टी, तुकड्या-तुकड्यांनी चालता येते. पाय दुखले की उतरायचे, गाडी पकडून घरी जायचे आणि पुढच्या वेळी त्याच खुणेपासून सुरुवात करायची. एकच वाट कुणी चार दिवसांत पुरी करतो, कुणी चार वर्षांत, आणि ती दोघांचीही पूर्ण धरली जाते.

ही कल्पना मुळात शहरी माणसासाठीच मांडली गेली. अमेरिकेतील बेंटन मॅकाय यांनी १९२१मध्ये ॲपलाचियन पर्वतरांगेतून जाणाऱ्या वाटेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा कारखान्यांच्या शहरांत राबणाऱ्यांना मोकळी हवा मिळावी हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. साडेतीन हजार किलोमीटरच्या या वाटेचा पहिला खास बांधलेला तुकडा १९२३मध्ये खुला झाला, तोही रानावनात खोलवर नव्हे, तर न्यूयॉर्कहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा बेअर माउंटन परिसरात. जपानमधील तोकाई निसर्गवाटही (१९७४) टोकियोच्या पश्चिम कडेच्या ताकाओ डोंगरापासून निघते आणि सुमारे १,७०० किलोमीटरवर ओसाकाजवळ मिनो येथे संपते.

काही वाटा शहराबाहेर न जाता त्याला परिक्रमेसारखा वळसा घालतात. लंडनमध्ये अशी दोन कडी आहेत: आतले ‘कॅपिटल रिंग’ सुमारे १२६ किलोमीटरचे, बाहेरचे ‘लंडन लूप’ सुमारे २४० किलोमीटरचे. व्हिएन्नाभोवतीची ‘रुंडुमाडुम’ वाट सुमारे १२० किलोमीटरची आहे. अशा वळशाच्या वाटेवरचे चालणे नेहमीच रमणीय नसते. ‘कॅपिटल रिंग’ बागा आणि कालव्यांच्या काठांबरोबरच बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून आणि सांडपाण्याच्या थोरल्या नळांवर घातलेल्या बांधावरूनही जाते, आणि थेम्स नदी पादचारी बोगद्यातून ओलांडते. शहराने टाकून दिलेल्या जागांचा इतका चांगला उपयोग क्वचितच होतो.

या प्रकाराचे सर्वांत ठसठशीत उदाहरण हाँगकाँग. तिथल्या चार मोठ्या वाटांची लांबी मिळून सुमारे ३०० किलोमीटर भरते: मॅक्लिहोज (१०० किमी, १९७९), लांताऊ (७० किमी), हाँगकाँग (५० किमी) आणि विल्सन (७८ किमी). विल्सन वाट मध्येच बंदर आडवे आल्याने भुयारी रेल्वेने पुढे जाते. इतक्या दाट वस्तीत एवढे डोंगर मोकळे कसे राहिले, याचे उत्तर बव्हंशी पाण्यात आहे. मोठ्या नद्या नसल्याने शहर पावसाचे पाणी साठवत आले; जलाशयांची पाणलोट क्षेत्रे बांधकामापासून राखली गेली, उघड्या उतारांवर झाडे लावली गेली. १९७६च्या कायद्याने यातल्या बऱ्याच भागाला उद्यानांचे संरक्षण मिळाले आणि आज सुमारे ४० टक्के जमीन संरक्षित आहे. मॅक्लिहोजचा शेवटचा टप्पा म्हणूनच बराचसा सपाट आहे आणि जलाशयाकडे पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेने जातो. आधी ९५७ मीटर उंचीच्या ताई मो शानला भिडून आलेल्या पायांना तो वरदान वाटतो, आणि थोडा कंटाळवाणाही. याच वाटेवर १९८१मध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून १०० किलोमीटर चालण्याचा निधिसंकलन उपक्रम सुरू झाला. त्यात चौघांच्या संघाला ४८ तासांची मुदत असते. हाँगकाँगच्या डोंगरांप्रमाणेच व्हिएन्नाभोवतीचे रानही आपोआप वाचले नाही. नगरपालिकेने १९०५मध्ये शहराभोवती वने आणि कुरणांचा पट्टा राखण्याचा ठराव केला होता.

वाटेची आखणी शहराच्या जवळिकीवरून ठरते. टप्पे बहुधा एका दिवसात संपतील एवढेच ठेवतात आणि दोन्ही टोके शक्यतो बस, रेल्वे किंवा बोटीच्या धक्क्याशी जोडतात. सिडनीहून न्यूकॅसलला जाणाऱ्या, सुमारे २५० किलोमीटरच्या ‘ग्रेट नॉर्थ वॉक’ची (१९८८) सुरुवात तर शहराच्या मध्यातून, आणि लगेच बोटीने होते.

जवळिकीचा तोटाही आहे. इमारती दिसत राहिल्या की माणूस निर्धास्त होतो; पाणी कमी घेतो, उशिरा निघतो, विजेरी घरीच ठेवतो. झाडी नसलेल्या कड्यावर दुपारचे ऊन मात्र शहर किती जवळ आहे ते पाहत नाही. हाँगकाँगच्या वाटांवर म्हणूनच दर ५०० मीटरवर क्रमांक असलेला खांब रोवलेला आहे. मॅक्लिहोजवर ते २०० आहेत. अडकलेल्याने खांबावरचा क्रमांक सांगितला की बचाव पथकाला नेमकी जागा कळते.