चरस

चरस म्हणजे गांजाच्या मादी झाडाच्या फुलांवरचा चीक, फुलापासून वेगळा काढलेला. बस, एवढंच. शहरातले पोट्टे त्याला हॅश म्हणतात, तो शब्द अरबीतल्या हशीशवरून आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसतं वाळलं गवत. चरस या शब्दाचीही एक गंमत आहे, विहिरीतून पाणी ओढायची जी चामड्याची पिशवी आपण मोट म्हणतो तिला हिंदीत चरस म्हणतात आणि माल चामड्यात बांधून यायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

नागपुरात भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही शब्द लोक एकाच दमात वापरतात, पेपरवालेही कधीकधी. झाड एकच आहे हे खरं, पण भांग म्हणजे पानं, गांजा म्हणजे चिकासकट फुलांचे शेंडे, आणि चरस म्हणजे फक्त चीक. नशा चढवणारं टीएचसी सगळ्यात जास्त चिकात असतं, म्हणून पानापासून चिकाकडे जावं तसतशी नशाही वाढते आणि कायद्याचा हातही जड होत जातो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

चीक असतो कुठे, त हे नीट बघायला भिंग लागतं. फुलावर आणि त्याच्या शेजारच्या बारक्या पानांवर दव पडल्यासारखी पांढुरकी चमक दिसते, भिंगातून पाहिलं की ती चमक म्हणजे काचेच्या टाचण्यांची गर्दी निघते, प्रत्येकीला बारीक देठ आणि वर गोल डोकं. डोकं साधारण ५० ते १०० मायक्रॉनचं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढं, आणि चीक त्या डोक्यात भरलेला. चरस करायच्या जगभरच्या सगळ्या पद्धती म्हणजे ही डोकी झाडावरून सोडवायच्या युक्त्या आहेत. हिमाचलात मलाणा आणि पार्वती खोऱ्यात ओली फुलं तळहातावर तासन् तास चोळतात आणि हाताला चिकटलेला काळा थर खरवडून काढतात. मोरोक्को, लेबनॉनकडे वाळलेली फुलं कापडावर झटकून चाळतात, खाली पडते ती भुकटी मग दाबून वडी करतात.

बर्फाच्या पाण्याची पद्धत यात सगळ्यात नवी आहे. ॲमस्टरडॅमच्या मिला यान्सेन बाईंनी १९९४ मध्ये कपडे वाळवायच्या ड्रायरवरून सुचलेलं फिरतं चाळणीयंत्र काढलं, आणि पुढे त्याच दशकात बर्फ-पाणी आणि बारीक जाळीच्या पिशव्या हा प्रकार पसरला. यातलं विज्ञान शाळेतलंच आहे, थंडीत चीक कडक आणि ठिसूळ होतो म्हणून डोकी देठापासून तुटतात, चीक पाण्यात विरघळत नाही, आणि पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो तर पाला वर तरंगतो. चीक काढायला अल्कोहोल लागत नाही, गॅस लागत नाही, त्यामुळे हे म्हणजे अगदी शुद्ध आणि घरगुती काम असा एक समज तयार झाला. कृती इथे देत नाही, कारण घरगुती हा शब्द आपल्या कायद्यात कुठेच नाही, ते खाली येतंच.

आणि नागपूरची हवा या धंद्याला मुळातच उलटी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून माणूस थकतो, अशा गर्मीत चीक मेणासारखा लिबलिबीत होऊन बोटाला, कागदाला, सगळ्यालाच चिकटतो. बर्फाची लादी इथे पोत्यात गुंडाळून रसवंतीवर जाते ती पोचेपर्यंत अर्धी गळालेली असते. चरस हा थंड मुलखाचा माल, तो विदर्भात पिकला नाही यात नवल नाही. जुन्या काळी तो मध्य आशियातल्या यारकंदहून लेहमार्गे घोड्या-याकांवर पंजाबात होशियारपूर-अमृतसरला यायचा, आणि ती वाट १९३० च्या दशकात बंद पडली.

गांजाचं मात्र वेगळं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा प्रांताचा सरकारमान्य गांजा निमाड जिल्ह्यात खांडव्याकडे पिकायचा, लायसन घेऊन, मोजून मापून, आणि त्यावरचा कर सरकारच्या तिजोरीत जायचा. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने या सगळ्या प्रकाराची चौकशी करायला कमिशन नेमलं, त्याने देशभर १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि १८९४ मध्ये सात खंडांचा रिपोर्ट दिला. त्यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजाने माणसं वेडी होतात असं सगळे धरून चालले होते, कारण इस्पितळाच्या रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं होतं. कमिशनने एकेक केस उघडून पाहिली तर कळलं की पेशंटला आणणारा पोलीस कागदावर कारणाच्या रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून गांजा लिहायचा आणि डॉक्टर तेच पुढे उतरवून घ्यायचे. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, म्हणजे त्या काळात ते चालू होतं. कमिशनचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अति घेणाऱ्याला आहे, आणि पूर्ण बंदीची गरज नाही. आता याचा अर्थ काही होत नाही असा काढू नये, कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना आणि घरात आधीच मानसिक आजार असलेल्यांना भ्रम-भास होण्याचा धोका वाढतो हे आजचं संशोधन सांगतं, आणि आजचा माल १८९३ च्या मालापेक्षा कितीतरी कडक आहे.

विदर्भात चिलमीकडे बघायची नजर पण सरळ नाही. शेगावच्या गजानन महाराजांची चिलमीची गोष्ट घरोघरी माहीत आहे, सोनाराने विस्तव द्यायला नकार दिला आणि चिलीम विस्तवाशिवाय पेटली. महाशिवरात्रीला पचमढीला महादेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांमध्ये भांग-चिलीम दोन्ही दिसते. त्याच मातीत तुकडोजी महाराज खंजिरीवर व्यसन सोडा म्हणून गावोगाव भजनं गात फिरले. दोन्ही फोटो एकाच देवघरात असतात, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही.

आता कायदा. १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, गांजा म्हणजे फुलांचे शेंडे असं सांगतो, शेंड्यासोबत नसलेली पानं आणि बिया त्यातून वगळतो, म्हणून भांग या कायद्यातून सुटते. पण महाराष्ट्रात ती तरीही मोकळी नाही, इथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो आणि परवान्याशिवाय भांग करणं, बाळगणं गुन्हा आहे, बनारसची सरकारी भांगेची दुकानं पाहून आलेल्या लोकांना हे पटत नाही. चरसची व्याख्या कायद्यात अशी की वेगळा काढलेला चीक, कोणत्याही रूपात, कच्चा असो की शुद्ध केलेला. म्हणजे बर्फाने काढला काय, हाताने चोळला काय, सगळं चरसच.

खरी गोम वजनात आहे. गांजाची छोटी मात्रा १ किलोपर्यंत धरतात आणि २० किलोच्या वर व्यापारी मात्रा. चरसची छोटी मात्रा १०० ग्रॅम आणि व्यापारी १ किलोच्या वर. छोट्या मात्रेला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्याला १० वर्षांपर्यंत, व्यापारीला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, वर जामीन मिळणं महाकठीण. म्हणजे गांजातून चीक वेगळा काढला की माल कमी होतो पण तराजू बदलतो. कुंडीत एक रोप लावलं तरी लागवडीचं वेगळं कलम आहेच. आणि नागपूर जंक्शन देशाच्या मधोमध असल्यामुळे आंध्र-ओडिशाकडून वर जाणारा गांजा इथल्या प्लॅटफॉर्मवर बेवारस बॅगांमध्ये सापडत असतो, त्यामुळे रेल्वे पोलिसांच्या कुत्र्यांना वास ओळखायची सवय चांगली आहे.

शरीरात काय होतं ते समजायला १९६४ उजाडावं लागलं, त्या वर्षी इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळं काढलं. पुढे १९९२ मध्ये मेंदू स्वतःच तयार करतो असं तसलंच एक रसायन सापडलं आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या आनंद शब्दावरून. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तुपा-दुधात विरघळतं, म्हणून भांग थंडाईत घोटतात, बडीशेप, खसखस, मिरे, बदाम, मगजबी सगळं वाटून. पण ओढलं की मिनिटात चढतं आणि प्यायलं की पाऊण तास, कधी दोन तासही काहीच होत नाही, आणि सगळे फसतात ते इथेच.

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात एका धुळवडीला माझा मामेभाऊ एक गिलास पिऊन अर्धा तास गच्चीवर बसला आणि म्हणाला, "काही होऊनच नाही राहिलं बे, दूधच पाजलं का मले?" आणि दुसरा गिलास लावला. दुपारी तीनला तो कूलरसमोर बसला होता, रंग अंगावर वाळलेला, आणि कूलरचं पाणी संपलं तर आपण वाचत नाही अशी त्याची खात्री झाली होती. मामीने चार वेळा त्याच्यासमोर बादली ओतून दाखवली. दर वेळी तो विचारायचा, "आता किती राहिलं?" रात्री दहा वाजता झोपला, दुसऱ्या दिवशी दुपारी उठला, आणि उठल्या उठल्या आधी कूलरची टाकी बघून आला.